वाचकांचे प्रश्न : चारही रकाने भरले, तरी यादी रिकामीच

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंग करते. लहान मुलांच्या जुलाबांवर झिंक द्यावे का, हे पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शोधताना नुसते ‘झिंक’ आणि ‘डायरिया’ टाकले, तर न संपणारी यादी आली. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून ‘पिको’चे चारही घटक टाकले, तर हाताशी जवळजवळ काहीच उरले नाही. चुकते कुठे?

उत्तर : पिको, म्हणजे रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम ही चौकट, प्रश्न नेमका करण्यासाठी आहे, ती जशीच्या तशी शोधपेटीत ओतायची नसते. अनेक निबंधांच्या सारांशात तुलनेचा किंवा मोजलेल्या परिणामाचा उल्लेखच नसतो, त्यामुळे ते शब्द टाकले की कामाचे निबंधही गळतात. शोधाला रुग्ण आणि उपाय हे दोन घटक बहुधा पुरतात. उरलेले दोन सारांश वाचताना चाळणीसारखे वापरावेत.

तुमच्या प्रश्नात खरी गोम वयाची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये जुलाब झालेल्या मुलांना 10 ते 14 दिवस रोज 20 मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांखालील बाळांना 10 मिलिग्रॅम झिंक सुचवले. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या नंतरच्या आढाव्यात मात्र सहा महिन्यांवरील मुलांचे जुलाब सरासरी सुमारे अर्धा दिवस लवकर थांबल्याचे दिसले, तर त्याहून लहान बाळांना फायदा आढळला नाही. झिंकमुळे उलट्या वाढतात हेही तिथे नोंदलेले आहे. म्हणून ‘लहान मुले’ एवढ्यावर भागत नाही. वयोगट ठरवा आणि परिणामांत उलट्याही धरा.

शब्द निवडताना ‘चाइल्ड’वर विसंबू नका. पबमेडच्या मेश या विषयसूचीत एक ते 23 महिन्यांच्या बाळांसाठी ‘इन्फंट’ हे वेगळे पद आहे, म्हणून दोन्ही शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घाला आणि तो कंस ‘झिंक’ व ‘डायरिया’ यांना ‘अँड’ने जोडा. शब्द अवतरणचिन्हांत टाकले, तर पबमेड त्यांना मेश पदांशी आपोआप जोडत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. तुमच्या शब्दांचे यंत्राने नेमके काय केले, ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावरील शोधाच्या तपशिलात दिसते. तिथे एकदा नजर टाकाच. यादी तरीही लांबली, तर ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ (अनेक अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) हा फिल्टर लावा.