मनू, अप्पांच्या त्या झेंड्याबद्दल

मनू,

काल झेंड्यांचं पोस्टर करताना तू विचारलंस की भारताचा झेंडा तिरंगा आहे ना, मग अप्पांच्या फोटोतला तो केशरी पण आपलाच कसा, आणि त्याच्यावर तर काहीच काढलेलं नाही, मग त्याचं मीनिंग काय. मी नंतर सांगतो म्हणालो, तुला वाटलं बाबा चिडला. चिडलो नव्हतो रे, थोडं लागलं मात्र.

तिरंगा २२ जुलै १९४७ ला घटना समितीने स्वीकारला, मधल्या चक्राला २४ आरे, हे तू लिहिलंयस ते बरोबर आहे. त्या दिवशी राधाकृष्णन यांनी भाषणात वरच्या पट्ट्याला भगवाच म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ सांगितला त्याग. म्हणजे हे दोन झेंडे एकमेकांचे कोणी लागतच नाहीत असं नाही.

पण अप्पांच्या हातात आहे ती पताका, वारीतली. लोणंदला माउलींची पालखी आली की आम्हाला अभ्यासबिभ्यास काही सुचायचं नाही. दिंडीत सगळ्यात पुढे पताकावाले, मागे टाळकरी, मग वीणेकरी, तुळशी घेतलेल्या बायका. पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तिथे अश्व धावतो आणि खांद्यावर पताका घेतलेले अप्पा लांबून ओळखायची आमची शर्यत लागायची, सगळ्या पताका सारख्याच, ओळखणार कसं, तरी ताईआजी दरवेळी बरोबर ओळखायची. पावसात भिजून कापड काठीला चिकटलेलं असायचं. अर्थ काय असं आम्ही कधी विचारलंच नाही, अप्पांनीही सांगितला नाही. ते चालायचे, बस.

रायगडावर महाराजांचा भगवा होता, पेशव्यांच्या फौजेत जरीपटका होता, ते सगळं मी शाळेत शिकलो. माझ्यासाठी भगवा आधी पताकाच होता. आता तो रंग दिसला की लोक आधी पक्ष विचारतात, गावातसुद्धा, आणि इथे आपल्या खिडकीत लावायचा म्हटलं तर मीच दोनदा विचार करतो, हे मला आवडत नाही पण खरं आहे.

आणि मीनिंगचं म्हणशील तर तुमच्या कॅनडाच्या झेंड्यावरच्या पानाला ११ टोकं आहेत, त्या आकड्यालाही खास अर्थ नाही. १९६४ मध्ये संसदेत त्या झेंड्यावरून महिनोन् महिने भांडले, १५ फेब्रुवारी १९६५ ला तो पहिल्यांदा अधिकृतपणे फडकला, आणि आज तू तो बघून लगेच 'आपला' म्हणतोस. मला त्याचा आनंदच आहे, खरंच.

पोस्टरवर पताका काढलीच पाहिजे असं अजिबात नाही. काढावीशी वाटली तर रविवारी ताईआजीला व्हिडिओ कॉल लाव, काठी केवढी असायची आणि कापड कसं बांधायचे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहितीये.

बाबा