तेरा टनांचा हिशेब आणि सव्वीस पंखे

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन सोलापुरात करायचं ठरलंय. त्यांच्या घरची चौघं तिकडून येणार, दीर-जाऊ आणि पुतण्या लंडनहून. सोळा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजोबांच्या एका दिवसासाठी आपण हवेत केवढा धूर सोडणार?" विमान कंपनीच्या साइटवर थोडे डॉलर जास्त भरून 'कार्बन भरपाई'चं बटण दिसतं, म्हणजे आपला धूर भरून काढायला दुसरीकडे तेवढा धूर वाचवण्यासाठी दिलेले पैसे. ताईंचा प्रश्न असा की ते दाबावं, की तोच पैसा सोलापुरातल्या एखाद्या गरजू घरात लावावा?

ताई, आधी लेकीला आकडा सांगा. इकॉनॉमीत बसून न्यूअर्क-मुंबई जाऊन-येऊन माणशी साधारण सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड, लंडन-मुंबई सव्वा टनाच्या आसपास. सातजणांचे मिळून तेरा टन धरा. विमानामागे आकाशात उरणाऱ्या पांढऱ्या रेघांचा तापमानवाढीवरचा परिणाम त्यात नाही. बिझनेस क्लास घेतलात तर आकडा जवळपास तिप्पट होतो. मुंबईहून पुढे इनोव्हा करण्याऐवजी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने या, छानच आहे, पण त्याने तेरा टनांना ओरखडाही उठत नाही. खरी बचत एकाच गोष्टीत आहे. पुढच्या वर्षीची फेरी रद्द करून याच वेळी महिनाभर राहा. सासऱ्यांनाही तेच हवं असेल.

बटणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या पैशातला काही भाग कुठल्या तरी देशातल्या सुधारित, कमी जळण लागणाऱ्या चुलींच्या नावावर जातो. २०२४ साली बर्कलीच्या संशोधकांनी अशा चुलींच्या प्रकल्पांचा हिशेब तपासला, तर दाखवलेली बचत प्रत्यक्षापेक्षा सुमारे नऊ पट निघाली. चूल वाटली की रोज त्याच चुलीवर स्वयंपाक होतो, असं कागदावर गृहीत धरलेलं. कुठल्याही सासूला विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं.

तिकडे अमेरिकेत स्थानिक संस्था गरिबांच्या घरांना थंडीसाठी अस्तर घालून देतात, खिडक्यांच्या फटी बुजवतात. सोलापुरात थंडी कुठली? इथे मे महिन्यात पारा ४४ पर्यंत जातो आणि घरातली वीज खाणारी मुख्य वस्तू म्हणजे छताचा पंखा. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, वाइंडिंग दोनदा केलेला असेल तर आणखी. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. दिव्यांच्या मागे लागू नका, एलईडी बहुतेक घरांत पोहोचलेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने असाच पैसा दिला, म्हणून मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेले होते. बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत तिथे. एक मावशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. बोलता बोलता हात चालूच. मी कागदावर मांडलं होतं की पंखा दिवसाला अठरा तास पूर्ण वेगात. मावशी हसल्या. "दिवसा फुल कुठं करता ओ, तंबाखू उडती की सगळी!" दिवसभर पंखा एकवर, रात्री झोपताना पाचवर. माझी बचत तिथल्या तिथे घसरली.

नव्याने मांडलं ते असं. वर्षाचे तीनशे दिवस, रोज अर्धा युनिट बचत, म्हणजे दीडशे युनिट. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला जेमतेम एक क्विंटल. तुमचे तेरा टन म्हणजे १३० क्विंटल. सव्वीस पंखे पाच वर्षं चालले तर फिटतात. एक पंखा तीन हजारांच्या आसपास, म्हणून ७८ हजार, शिवाय वायरमनची मजुरी. मी तीस लावा म्हणेन, कारण चार तरी मध्येच बंद पडतात. आणि महिन्याचं बिल शंभर युनिटच्या आत राहिलं तर त्या घराला खरा फायदा, कारण शंभरच्या पुढे युनिटचा दर एकदम चढतो.

आता आमची फजिती. बारा पंखे लावले, सहा महिन्यांनी फेरी मारली, तर तीन घरांत जुना पंखा स्वयंपाकघरात फिरत होता! बचत शून्य, वापर उलट वाढलेला. त्यांची चूक नाही, चालता पंखा कोण फेकेल? म्हणून नवा लावतानाच जुना उतरवून घ्या, भंगारवाल्याकडे मोडून टाका आणि तांब्याचे पैसे त्या घरालाच द्या. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बीएलडीसीला चालत नाही, तो काढून वायर सरळ जोडावी लागते. रिमोट आठवड्यात पोरं हरवतात, त्यामुळे भिंतीच्या बटणानेही वेग बदलता येईल असंच मॉडेल घ्या. आतला सर्किट बोर्ड गेला तर कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याला तो जमत नाही. सोलापुरात सर्व्हिस सेंटर असलेली कंपनी आणि वॉरंटी कार्ड त्या घराच्या नावावर, हे आधी बघा.

पत्र्याच्या घरांवर चुन्याचा पांढरा हात मारून देणं फार चांगलं काम, आतला उकाडा कळण्याइतका कमी होतो. पण तिथे एसी-कूलर नसेल तर त्यातून कार्बनची बचत फारशी होत नाही. ते आजोबांच्या नावाने दान म्हणून करा, हिशेबात धरू नका.

पैसे पाठवताना मात्र पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. तुम्ही दोघं अमेरिकन नागरिक झाला असाल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी ती परदेशी धरली जाते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच जायला हवेत. ओळखीच्या मावशींच्या खात्यात थेट टाकू नका, त्यांना त्रास होईल. देणगीवर आयकर सवलत देणाऱ्या ८०जी पावतीचा उपयोग भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच.

मांडवात फलक नको. पंखा स्वीकारणाऱ्या बाईला स्टेजवर उभं करून फोटो तर अजिबात नको. लेकीला मात्र न्या बरोबर, तिने त्या घरांची जुनी वीजबिलं लिहून घ्यावीत. वर्षाने नवी मागवायची, तेव्हा खरा आकडा कळेल. बिलं मे ते मे अशीच घ्या. कार्यक्रम जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास असेल तर तेव्हा पंखे बंदच असतात, फेब्रुवारीत बसवले तरी चालतील.