कमी कमाईच्या लोकांना कोहाउसिंग परवडू शकतं का?

तुम्ही विचारलंय की बारा कुटुंबं मिळून कोहाउसिंग (प्रत्येकाचं स्वतंत्र घर, पण काही जागा आणि कारभार सामाईक) उभारायचं ठरतंय, पण चार-पाच जणांकडे साठवलेला पैसाही नाही आणि बँक मोठं कर्ज देईल असा पगारही नाही. त्यांना मागे सोडायचं नाही, तर काय करता येईल?

मागे सोडायचं नाही असं तुम्ही आधीच लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी अशाच एका गटाचे हिशेब चार वर्षं बघायचे. आमची माणसं गळाली ती घर महाग पडलं म्हणून नाही. घर तेव्हा कागदावरसुद्धा नव्हतं. ती गळाली आधीच्या वर्गण्यांत. जागेचा इसार, आर्किटेक्टची फी, वकिलाची फी, माती परीक्षण, असा दर दोन-तीन महिन्यांनी नवा आकडा निघायचा. एका बैठकीत मी तो फळ्यावर लिहीत होते आणि समोर एक ताई वहीत उतरवून घेत होत्या. अर्ध्यातच थांबल्या, पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. त्यानंतर त्या आल्या नाहीत. घरी काही अडचण असेल असं आम्ही धरून चाललो. मी फोन करून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम हे करा: सुरुवातीच्या खर्चासाठी वेगळा निधी ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी त्यात गटाला कर्ज म्हणून पैसे द्यावेत आणि बांधकामाचं कर्ज हाती आलं की ते परत घ्यावेत. प्रकल्प बारगळला तर हे पैसे बुडतात, तेव्हा बुडाले तरी चालतील एवढेच द्यायचे, हे लेखी असू द्या. बाकीच्यांचं सभासदत्व या रकमेवर अवलंबून ठेवू नका.

मोठा भार जमिनीचा. जमीन बाजारभावाने विकत घेतलीत तर पुढे कितीही काटकसर केली तरी फारसा फरक पडत नाही. बार्सिलोनातल्या ला बोर्दा या 28 घरांच्या संस्थेने पालिकेची जमीन 75 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. इमारत संस्थेची, राहणाऱ्याला फक्त वापराचा हक्क. सुरुवातीला परत मिळणारी ठेव भरायची, मग दरमहा ठरलेली रक्कम. घर कुणालाच विकता येत नाही. जमिनीखालच्या पार्किंगचा खर्चही त्यांनी नियम बदलून घेऊन वाचवला.

कर्जाच्या बाबतीत मला सगळ्यात पटलेली रचना इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. लायलॅक नावाची ही 20 घरांची वसाहत 2013 मध्ये पुरी झाली. तिथे कुणा एकाच्या नावावर गृहकर्ज नाही, कर्ज संस्थेचं. प्रत्येक घर हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या 35 टक्के रक्कम संस्थेला देतं, आणि त्यातून त्याच्या नावावर संस्थेच्या मालकीतले हिस्से जमा होत जातात. ज्याची कमाई जास्त तो जास्त भरतो, त्याचे हिस्सेही जास्त. त्यामुळे शेजारी राहणारे दोघं वेगवेगळी रक्कम भरतात आणि तरी कुणी कुणाचे उपकार घेत नाही. सोडून जाताना हिश्शांची किंमत घरांच्या बाजारभावावर ठरत नाही, त्या भागातले पगार किती वाढले त्यावर ठरते.

हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं आहे. ते नसेल तर आज स्वस्तात मिळालेलं घर पहिलाच जाणारा सभासद बाजारभावाने विकतो, आणि तुमच्या सगळ्या मेहनतीचा फायदा त्या एका कुटुंबापुरता राहतो. जर्मनीतल्या मीट्सहॉयझर सिंडिकाट या सामूहिक घरांच्या जाळ्याने यावर पक्का बंदोबस्त केलाय. प्रत्येक इमारतीच्या कंपनीचे दोन भागीदार असतात, रहिवाशांची संघटना आणि सिंडिकाट. दोघांची संमती असल्याशिवाय इमारत विकताच येत नाही. असे दीडशेहून जास्त गृहप्रकल्प तिथे बाजाराबाहेर आहेत.

सगळ्यांनी मालकच व्हायला हवं, हाही हट्ट सोडा. डेन्मार्कमधली टिंगगॉर्डेन ही वसाहत 1970 च्या दशकातच भाड्याच्या घरांची म्हणून उभी राहिली. लंडनमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांनी 2016 मध्ये पुऱ्या केलेल्या न्यू ग्राउंडच्या 25 घरांपैकी 8 सवलतीच्या भाड्याची आहेत. त्या बायकांना तिथवर पोहोचायला 18 वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या.

श्रमदानाने खर्च वाचतो, पण जपून. उरुग्वेतल्या परस्पर साहाय्याच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रत्येक कुटुंब आठवड्याला साधारण 21 तास बांधकामावर देतं आणि तिथे ते खरोखर चालतं. पण दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला पैशाची जितकी चणचण असते तितकीच वेळेचीही असते. तासांची अट घालायची तर कुटुंबातल्या कुणीही आलं तरी चालेल, पाळणाघर त्याच जागी असेल आणि आजारपणात सूट असेल, असं करा. पुढे मेंटेनन्स ठरवतानाही हेच.

आता तुमच्या बारा कुटुंबांबद्दल. आर्किटेक्टकडे जायच्या आधी प्रत्येक घराने दरमहा खरोखर किती देता येईल तो आकडा चिठ्ठीवर लिहून एकाच विश्वासू माणसाकडे द्यावा. चिठ्ठ्या बैठकीत उघडायच्या नाहीत, फक्त बेरीज सांगायची. त्या बेरजेत किती कर्ज फिटेल, मग किती चौरस फूट बसतील, खासगी खोल्या किती लहान करून पाहुण्यांची खोली, कपडे धुण्याची जागा, अभ्यासिका सामाईक ठेवता येतील, हे उलट्या दिशेने काढा. आम्ही आधी नकाशा काढला आणि पैसे नंतर मोजले. तुम्ही आधी बेरीज करा, मग आर्किटेक्टला बोलवा.