प्रश्न तुमचे : इफिस ते लावदिकीया, तुर्कस्तानच्या गटसहलीबद्दल

पश्चिम तुर्कस्तानात ग्रीक-रोमन शहरांचे अवशेष आणि पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागा एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. त्यामुळे इतिहासाच्या ओढीने जाणारे आणि श्रद्धेने जाणारे असे दोन्ही प्रवासी एकाच बसमध्ये बसतात. या सहलींबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (अहिल्यानगर) : प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या सातही मंडळ्यांची गावे पाहायची आहेत. पण सहलीच्या पत्रकातली नावे बायबलमधल्या नावांशी जुळत नाहीत. ती हीच गावे का? आणि किती दिवस लागतील?

गावे तीच आहेत, नावे मात्र बदलली आहेत. मराठी बायबलमधले इफिस म्हणजे एफेस, ते सेल्चुक या गावाला लागून आहे. स्मुर्णा म्हणजे आजचे इझमिर. पर्गम म्हणजे बर्गामा, थुवतीरा म्हणजे आखिसार, सार्दीस म्हणजे सार्त, फिलदेल्फिया म्हणजे आलाशेहिर. लावदिकीया आज ओसाड आहे, जवळचे मोठे शहर देनिझली. ही यादी कागदावर लिहून बरोबर ठेवा. रस्त्यावरच्या पाट्यांवर तुर्की नावेच असतात, आणि गाइड इंग्रजीत 'स्मिर्ना', 'थायाटायरा' म्हणतो तेव्हा तीच ही स्मुर्णा-थुवतीरा हे पटकन लक्षात येत नाही.

प्रकटीकरणात ही नावे ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने नकाशावर रेघ ओढून पाहा. इफिसपासून उत्तरेला पर्गमपर्यंत आणि मग आग्नेयेला वळून लावदिकीयेपर्यंत, असा तो सलग रस्ता आहे. आजची बसही जवळजवळ त्याच वाटेने जाते. इझमिरला उतरून बर्गामा, आखिसार, सार्त, आलाशेहिर, लावदिकीयेजवळचे पामुक्कले आणि शेवटी सेल्चुक, अशा फेरीला पूर्ण 4 दिवस धरा. तीन दिवसांत सातही दाखवतो असे कोणी म्हणाले, तर त्यातली निम्मी बसच्या खिडकीतून पाहावी लागतील.

सगळ्या जागांना सारखा वेळ देण्याची गरज नाही. आखिसारला गावाच्या मधोमध कुंपण घातलेला एक तुकडा आहे, 20 मिनिटे पुरतात. आलाशेहिरला योहानाच्या नावाच्या जुन्या चर्चचे विटांचे प्रचंड खांब तेवढे उभे आहेत, तिथेही तेवढाच वेळ. वाचलेला वेळ सार्तला द्या. तिथले सभास्थान आणि व्यायामशाळा दोन्ही एकमेकांना लागून आहेत, आणि थोड्या अंतरावरच्या अर्तमी देवीच्या भव्य मंदिराच्या कोपऱ्याला चिकटून चौथ्या शतकातले एक छोटेसे चर्च आहे. एका धर्माचा दिवस मावळून दुसऱ्याचा कसा उगवला, ते त्या कोपऱ्यात उभे राहिले की समजते. बरेच गट व्यायामशाळेची दर्शनी भिंत पाहूनच परततात. मंदिर कार्यक्रमात आहे का, ते वेगळे विचारा.

प्रश्न (पुणे) : 9 दिवसांत इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्कले आणि एफेस अशी सहल आहे. पैसे भरण्याआधी काय तपासावे?

पत्रकातली क्रियापदे वाचा. 'भेट देऊ' आणि 'पाहू' यांत फरक आहे. 'फोटो स्टॉप', 'पॅनोरामिक दर्शन', 'ड्राइव्ह पास' असे असेल तर आत जाणे नाही. 'प्रवेश तिकिटासह' हे शब्द ज्या ठिकाणापुढे आहेत, तेवढीच तिकिटे तुमच्या पैशांत आहेत असे समजा. एफेसमधली टेकडी-घरे म्हणजे टेरेस हाउसेस, कॅपाडोकियात गोरेमे इथले काळोखे चर्च आणि इस्तंबूलचे आयासोफिया यांना वेगळे तिकीट लागते, आणि नेमकी तीच वगळलेली असतात. तुर्कस्तानचा म्युझियम पास आयासोफियाला चालत नाही, एफेसजवळच्या मरीयामातेच्या घरालाही नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जागी प्रत्यक्ष किती तास, हे लेखी मागा. पामुक्कले ते कॅपाडोकिया बसने गेल्यास जवळजवळ अख्खा दिवस जातो, अंतर 600 किलोमीटरच्या वर आहे. वाटेत कोन्याला मुक्काम असेल तर ठीक. कोन्या म्हणजे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतले इकुन्या. मुक्काम नसेल तर विमानाने जाणारी सहल निवडा. पैसे जास्त पडतील, पण हाती एक दिवस येतो.

तिसरी गोष्ट खरेदीची. गालिचा, चामड्याचे जाकीट, दागिने, ऑनिक्सचे दगड यांच्या दुकानांत प्रत्येकी तास-दीड तास जातो. असे थांबे किती, हे आधीच विचारा. चार असतील तर एक अख्खा दिवस गेला म्हणून समजा.

आणि गाइड कोण? तुर्कस्तानात स्थळांवर माहिती सांगण्याचा अधिकार कायद्याने फक्त परवानाधारक स्थानिक गाइडला आहे, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते. आपल्याकडून गेलेला टूर मॅनेजर अवशेषांत उभा राहून मराठीत समजावू लागला तर त्याला अडवले जाते. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांच्यासाठी सोपा उपाय असा की मॅनेजरने आदल्या संध्याकाळी किंवा बसमध्येच दुसऱ्या दिवशीची जागा मराठीत समजावून ठेवावी. 20 पेक्षा मोठ्या गटात कानात लावायचे रिसीव्हर आहेत का, तेही विचारा. ते नसतील तर मागच्या दहा जणांना काहीच ऐकू येत नाही.

प्रश्न (वसई) : आमच्या धर्मग्रामातून 35 जण फादरांसोबत जाणार आहोत. इफिसला किती वेळ ठेवावा? मरीयामातेच्या घरी मिस्सा करता येईल का?

इफिसला पूर्ण एक दिवस ठेवा आणि सेल्चुकमध्येच मुक्काम करा. बहुतेक गट 20 किलोमीटरवरच्या कुशादासी बंदरातून किंवा इझमिरहून येतात आणि दोन तासांत आटोपतात. बंदरात मोठी जहाजे लागली की सकाळी साडेनऊनंतर मुख्य रस्त्यावर मुंगीला वाट नसते. तुम्ही गावातच असाल तर सकाळी 8 ला दारावर उभे राहता येते.

वरच्या दाराने शिरा, खालच्या दाराने बाहेर पडा. म्हणजे सगळा रस्ता उताराचा. बसला खाली येऊन थांबायला सांगा. कुरेतेस रस्त्यावरचा संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाला आहे, चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट घसरतात. या रस्त्याच्या टोकाला सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत आहे. पडलेले तुकडे जुळवून ती 1970 च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा उभी केली. पुढे नाट्यगृह येते, सुमारे 25 हजार माणसे मावतील एवढे. देमेत्रिय सोनाराने चिथावलेला जमाव 'इफिसकरांची अर्तमी थोर' म्हणत जिथे गोळा झाला, ती प्रेषितांची कृत्ये 19 मधली जागा ही. फादरांनी तो अध्याय इथल्या पायऱ्यांवर बसून वाचावा. हळू आवाजात वाचायला कोणी हरकत घेत नाही. सामूहिक विधी मात्र परवानगीशिवाय नको.

गाइडला एक गोष्ट आवर्जून दाखवायला सांगा. संगमरवरावर कोरलेले एक वर्तुळ आहे, आत चाकासारख्या आठ आऱ्या. लहान मुलाने खेळायला काढल्यासारखे वाटते. पण 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची पाच आद्याक्षरे एकावर एक कोरली की हीच आकृती होते, आणि ती अक्षरे ओळीने वाचली की ग्रीकमध्ये 'मासा' हा शब्द होतो. बोट ठेवून एकेक अक्षर सोडवून पाहा.

खालच्या दाराजवळ आल्यावर गट बसकडे वळतात आणि सर्वांत महत्त्वाची जागा मागे राहते. थोडे आत मरीयेचे चर्च आहे. मरीयेला 'देवमाता' म्हणावे की नाही, हा वाद जिथे मिटला ती 431 ची धर्मपरिषद या इफिसमध्ये भरली, आणि तिची जागा म्हणून हेच चर्च दाखवले जाते. छप्पर नाही, गर्दीही नाही. बाप्तिस्म्याचा जमिनीत खोल गेलेला कुंड अजून शाबूत आहे. जाऊन-येऊन 40 मिनिटे धरा आणि गाइडला हे सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर जेवणाच्या वेळेचे कारण पुढे येते.

मरीयामातेचे घर डोंगरावर आहे, सेल्चुकहून बसने जावे लागते. 1891 मध्ये ही जागा सापडली, ती ॲन कॅथरीन एमेरिक या जर्मन संन्यासिनीच्या दर्शनांतल्या वर्णनावरून. पोप पॉल सहावे 1967 मध्ये, जॉन पॉल दुसरे 1979 मध्ये आणि बेनेडिक्ट सोळावे 2006 मध्ये इथे येऊन गेले. हे घर मरीयेचेच होते, असा अधिकृत निर्वाळा चर्चने मात्र दिलेला नाही. गटाबरोबर धर्मगुरू असतील तर मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीसाठी, वेळ मिळते, पण ती आधी मागून घ्यावी लागते. तारीख, भाषा, माणसांची संख्या आणि फादरांचे नाव कळवा, आणि मिळालेले उत्तर छापून बरोबर ठेवा. घर अगदी लहान आहे, 35 जण एकदम आत मावत नाहीत, म्हणून मोठ्या गटांची मिस्सा बाहेरच्या आवारात होते. आत फोटो काढता येत नाही. मरीयामातेच्या 15 ऑगस्टच्या सणाला जायचे ठरवलेत तर गर्दी आणि ऊन दोन्ही सोसावे लागेल.

दुपारी उन्हे उतरल्यावर सेल्चुकच्या आयासुलुक टेकडीवरची प्रेषित योहानाची बॅसिलिका, म्हणजे मोठे चर्च, पाहा. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेली. योहानाची कबर मानलेली जागा मध्यभागी आहे.

प्रश्न (न्यू जर्सी) : आईवडील मुंबईहून गटाबरोबर जाणार आहेत. दोघेही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. काय टाळावे?

आईंना इफिसचा उतार जमेल, टेकडी-घरांचे जिने नकोत. पामुक्कलेच्या वरच्या हिरापोलीस या जुन्या शहरात संत फिलिप्पाच्या हौतात्म्यस्थळाची चढण उभी आहे, ती सोडावी. कॅपाडोकियातल्या देरिनकुयू किंवा कायमाकली या भुयारी गावांत मात्र त्यांना उतरवूच नका. काही बोळांत कंबरेत वाकून चालावे लागते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची रांग लागली की मध्येच थांबून राहावे लागते आणि मागे फिरता येत नाही. ज्यांना कोंदट जागेत जीव घाबरतो त्यांनीही वरच थांबावे. आयासोफियाच्या वरच्या सज्जात जायला दगडी उतरण आहे, खडबडीत पण पायऱ्यांपेक्षा बरी. आईंजवळ घडीची काठी द्या, आणि महिना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा निवडा.

प्रश्न (ठाणे) : आयासोफिया आता मशीद आहे. पर्यटकांना आत काय दिसते?

सन 537 मध्ये पूर्ण झालेले हे चर्च 1453 नंतर मशीद, 1930 च्या दशकात संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद झाले. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येते. तिकीट सुरू झाले तेव्हा 25 युरो होते. तळमजला नमाजासाठी, तो वरूनच पाहायचा. जुनी मोझेक चित्रे सज्जातच जास्त आहेत, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. येशू, मरीया आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचे देइसिस चित्र खिडकीशेजारी आहे, खालचा भाग गेलेला, पण चेहरे जिवंत. स्त्रियांनी डोके झाकायला ओढणी घ्यावी. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून शुक्रवारचा कार्यक्रम असेल तर बदलून घ्या. घुमटाची डागडुजी 2025 मध्ये सुरू झाली आहे, आत परांची दिसेल.

प्रश्न (मिरज) : पामुक्कलेला जाणारच आहोत. लावदिकीयेसाठी वेगळा वेळ काढावा का?

जरूर काढा, दीड तास तरी. पामुक्कलेहून ती 10 किलोमीटरच्या आसपास आहे. चौथ्या शतकातले मोठे चर्च जमिनीखाली आहे हे 2010 मध्ये रडारने कळले. आता ते छप्पर घालून जपले आहे, वरच्या काचेच्या वाटेवरून फरशीची नक्षी पाहता येते.

पण खरे पाहायचे ते पाण्याचे नळ. दगडी ठोकळ्यांना आरपार भोक पाडून ते एकापुढे एक जोडलेले, आणि आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर. बोअरच्या पाण्याने गीझरच्या नळीत धरतो ना, तसाच. साफसफाईसाठी वरून पाडलेली भोकेही दिसतात. समोरच्या हिरापोलीसला उष्ण झरे, कलस्सैकडे थंड पाणी, आणि लावदिकीयेला लांबून नळाने आणलेले. प्रकटीकरणात या मंडळीला 'कोमट' का म्हटले, याचा अर्थ अनेक अभ्यासक या पाण्याशी लावतात. पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बूट काढावे लागतात, म्हणून लावदिकीया सकाळी आणि पामुक्कले दुपारनंतर ठेवा.

प्रश्न (मडगाव) : कॅपाडोकियातली कातळातली चर्चेस 'आद्य ख्रिस्ती' आहेत असे पत्रक म्हणते. खरे का?

वस्ती जुनी आहे, पण गोरेमेच्या खुल्या संग्रहालयात दिसणारी बहुतेक चित्रे दहाव्या ते बाराव्या-तेराव्या शतकांतली आहेत. इफिस-लावदिकीयेच्या मानाने ती बरीच अलीकडची. म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. काळोख्या चर्चमध्ये उजेड एका लहान खिडकीतूनच येतो, म्हणून रंग ताजे राहिले. तोकाली चर्च फाटकाबाहेर, रस्त्याच्या उतारावर आहे आणि मुख्य तिकिटावरच पाहता येते. गट ते विसरून बसमध्ये चढतात. तिकीट फेकू नका, आणि तिथला गर्द निळा रंग पाहूनच निघा.

प्रश्न (नाशिक) : निकेयाला जाता येते का? आणि व्हिसाचे काय?

निकेया म्हणजे इझनिक, इस्तंबूलहून बसने दोन-अडीच तास. मिस्सात म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकाराचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीचा, पाया 325 मध्ये इथे भरलेल्या धर्मपरिषदेत घातला गेला. 1700 वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये पोप लिओ चौदावे इथे आले होते. नेहमीच्या सहलींत हे नसते, इस्तंबूलचा एक दिवस वाढवून घ्यावा लागतो.

व्हिसाचे असे की अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा वा निवासपरवाना असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. बाकीच्यांनी व्हिसा केंद्रातून अर्ज करायचा, म्हणून दोन महिने आधी कागद हातात हवेत.

इझनिकच्या तळ्यात काठाजवळच पाण्याखाली एका बॅसिलिकेचा पाया आहे, 2014 मध्ये हवाई छायाचित्रांत तो दिसला. पाणी ओसरलेले असेल तर भिंतींच्या रेषा काठावरूनच दिसतात.