गोळ्या सुरू केल्या आणि पेपर दिसेनासा झाला

फोंड्याजवळच्या गावातले एक काका, वय 54. मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करूनच समुपदेशनाला आले. "गोळ्यांनी डोळे गेले. आधी चष्म्याशिवाय पेपर वाचत होतो, आता अक्षरं फिसकटतात."

लांबचं कसं दिसतं, याचं उत्तर काकींनी दिलं. "ते बरं दिसतं हो! मागे कदंबा बसची पाटीसुद्धा मला वाचायला लावायचे."

गुपित तिथेच फुटलं. साखर बरेच दिवस चढलेली असली की डोळ्यातल्या भिंगात तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, ते पाणी ओढतं, भिंग फुगतं. बहुधा लांबचं धूसर होतं आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसू लागतं. चाळिशी सुटली म्हणून काका खूश होते, ती 300च्या वर गेलेल्या साखरेची करामत होती. गोळ्यांनी साखर झपाट्याने उतरली, तसा नंबर उलट्या बाजूला सरकला.

म्हणून डॉक्टरांशी बोलून गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू. चष्मा मात्र साखर स्थिरावल्यावर चार ते सहा आठवड्यांनी. घाईने केलेला महिन्याभरात फुकट जातो. तोवर तयार मिळणारा वाचनाचा चष्मा पुरतो.

तरी एकेक डोळा झाकून पाहायला लावलं. पुठ्ठ्याला साधारण 1 मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबराचा. डाव्याने दिसलं. उजव्याने नाही, आणि खिडकीचा एक गज त्याच डोळ्याला मधोमध वाकलेला दिसला. हे भिंगाचं काम नव्हे, डोळ्याच्या मागच्या पडद्याचं (रेटिनाचं). मग सहा आठवडे थांबायचा प्रश्नच नव्हता. त्याच आठवड्यात तपासणी झाली, पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. टाइप 2 मधुमेह कळताच पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे साधारण दरवर्षी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

एका डोळ्यासमोर अचानक अंधार किंवा पडदा आला, चमका दिसू लागल्या, डोळा लाल होऊन ठणकला आणि दिव्याभोवती वलयं दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) गाठायचं. जीभ अडखळली, हात किंवा पाय लुळा पडला तर सरळ 108.

पडदा तपासताना घातलेल्या, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. काका स्कूटर घेऊन निघाले होते. काकींनी चावी काढून घेतली.