'काहीच नव्हतं' हे आधी काढ

अगं,

तू पाठवलेली चार पानं काल रात्री वाचली, तुझ्या आईच्या लहानपणीच्या वाशीची. चांगलं लिहितेस, उगाच लाजू नकोस. पण पहिलंच वाक्य, 'तेव्हा इथे काहीच नव्हतं', ते आधी काढून टाक. राग मानू नकोस, हेच वाक्य मी स्वतः तीसेक वर्षं येईल त्याला ऐकवलंय.

आम्ही १९७८ ला आलो, मी सहा वर्षांची. परळच्या चाळीतून सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, दोन खोल्यांत, आणि संडास घरातच म्हणून आजी आधी नाक मुरडून बसली आणि आठवड्याभरात चाळीत परत जायचं नावच काढेना. संध्याकाळी बाहेर मिट्ट काळोख, बेडकांचा आरडाओरडा, खाडीचा वास, आणि बाबांची बीएमटीसीची बस पुलावरून येताना दिसते का म्हणून आम्ही भावंडं गच्चीवर जाऊन बसायचो (बीएमटीसी म्हणजे सिडकोची स्वतःची बस, आता कुणाला आठवत पण नाही). मामा यायचा तो पाव, बटर, बिस्किटं पिशवी भरून आणायचा, जसं काही आम्ही जंगलातच राहतोय. त्यामुळे आपणच इथले पहिले, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

वर्गात वाशीगावातली एक मुलगी होती. एकदा ती घरी आली, जिन्यात थांबली आणि म्हणाली, इथे खाली आमचं खाचर आहे. होतं नाही, आहे. मला खाचर म्हणजे भाताचं शेत हे तेव्हा माहीतच नव्हतं, मी आपली मान हलवली. तिनेच मला ओहोटीला चिखलात उतरून निवट्या (चिखलातले छोटे मासे) कशा धरायच्या ते दाखवलं. मला एकही सापडली नाही आणि माझी एक चप्पल तिथे गेली ती गेलीच, ती मात्र हसून हसून चिखलातच बसली. तिच्याकडे भातशेती होती, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसे घालायचे हे तिच्या आज्याला ठाऊक होतं, मासळी होती, आसपास मिठागरं होती. एवढं सगळं होतं आणि आम्ही म्हणायचो काहीच नव्हतं!

मग १९८४ चा जानेवारी. घरी एवढंच कळलं की उरणकडे गडबड झालीय, बाहेर हुंदडू नका. ती मैत्रीण आठवडाभर शाळेत आली नाही, आणि आली तेव्हा मी तिला विचारलं काय, तर गणिताची वही पूर्ण आहे का. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं जमिनीचं आंदोलन, १६ आणि १७ जानेवारीचा पोलीस गोळीबार, त्यात गेलेले पाच शेतकरी, आणि त्या लढ्यातूनच पुढे आलेली साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे सगळं मी फार उशिरा वाचलं. आपल्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतलीय हे पण तेव्हाच कळलं. तोपर्यंत मी नोकरीला लागले होते, बघ.

तर आईला 'कसं होतं गं तेव्हा' असं विचारत बसू नकोस, ती म्हणणार खूप छान होतं आणि विषय संपला. विचार की रॉकेल कुठून आणायचात, पावसाळ्यात शाळेत कुठल्या वाटेने जायचीस, दारावर मासे घेऊन कोण यायचं आणि ती कुठल्या गावची. टोपलीवालीचा आवाज सगळ्यांना आठवतो, तिचं गाव कुणालाच सांगता येत नाही.

आणि आठवणी तपासून घे, आईच्याच नाही, माझ्या पण. मला डोळ्यांसमोर दिसतं की दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा मी लोकलने दादरला मावशीला पेढे द्यायला गेले, खिडकीत बसून, खाडीचा वारा तोंडावर. आता दहावी झाली १९८८ ला आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ ला! म्हणजे बसनेच गेले असणार, वारा पण बसचाच. असं सापडलं की गुपचूप खोडू नकोस, दोन्ही लिही, वाचणाऱ्याला तेच आवडतं.

रविवारी ये. ती मैत्रीण अजून गावातच राहते, मी तिला विचारून ठेवलंय, ये म्हणालीय पण बारानंतर, सकाळी तिला बाजार असतो. आईला पण आण, दोघी एकमेकींना चेहऱ्याने ओळखत असतील. आणि वही-पेन घे, मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग केलेलं तिला चालत नाही, मागे एकाने केलं तर मधेच उठून भाजी टाकायला गेली होती.

तुझी,
मावशी