घातपात, अपघात आणि १५ सप्टेंबरचा पेपर

प्रश्न : मुंबईच्या एका पारशी डॉक्टरला इंग्लंडात बायकोच्या खुनाबद्दल फाशी झाली, असं आजोबा सांगायचे. यात तथ्य आहे का? (ठाण्याहून एक वाचक)

आजोबा खरंच सांगत होते. डॉ. बक रक्स्टन, मूळ नाव बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम. शिकला मुंबईत, दवाखाना थाटला लँकेस्टरमध्ये. इझाबेलाशी रीतसर लग्न लागलं नव्हतं, पण तीन मुलांचा संसार होता. माणूस रुग्णांचा लाडका, घरात मात्र कमालीचा संशयी. नगरपालिकेतल्या एका तरुणाशी तिचं काहीतरी आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं काही असल्याचं खटल्यात सिद्ध झालं नाही.

१४ सप्टेंबर १९३५ ला इझाबेला बहिणींना भेटायला ब्लॅकपूलला गेली, रात्री उशिरा परतली, आणि मग ती कुणाला दिसलीच नाही. घरातली वीस वर्षांची मोलकरीण मेरी रॉजरसनही नाहीशी झाली. बहुधा तिनं नको ते पाहिलं. डॉक्टरांच्या हाताला पट्टी होती. पीचचा डबा उघडताना कापलं म्हणे. त्यांनी आपल्याच एका रुग्ण बाईंना जिने साफ करायला बोलावलं, वर डाग पडलेला गालिचा आणि सूटही देऊन टाकला. बाई अंगणात गालिच्यावर बादल्यांवर बादल्या ओतत होत्या आणि पाणी लालच येत होतं!

प्रश्न : डॉक्टरच खुनी असेल तर पुरावा कसा उरतो? (नाशिक)

२९ सप्टेंबरला स्कॉटलंडात मॉफॅटजवळच्या पुलावरून एका बाईंनी सहज खाली ओढ्यात पाहिलं आणि गाठोड्यातून बाहेर आलेला हात दिसला. दोन मृतदेहांचे तुकडे होते, आणि ओळख पटेल असे बरेच अवयव सफाईनं काढलेले. पोलिसांना वाटलं, हे शरीरशास्त्र जाणणाऱ्याचं काम. म्हणजे डॉक्टरकीनंच त्याचा घात केला.

त्याहून मोठी चूक रद्दीची. तुकडे गुंडाळायला वापरलेल्या कागदांत १५ सप्टेंबरचा ‘संडे ग्राफिक’ होता, आणि त्यातली ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टर-मोरकॅम भागात विकली गेली होती. तपास थेट त्याच्या गल्लीत येऊन थांबला. ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीचा फोटो इझाबेलाच्या जुन्या फोटोवर बसवून पाहिला, तो जुळला. मेरीच्या हाताचे ठसे घरातल्या वस्तूंवरच्या ठशांशी जुळले. अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ काढली, तेव्हा ही गोष्ट नवलाची होती. नॉर्मन बर्केटसारखा नामांकित वकील उभा राहूनही १२ मे १९३६ ला मँचेस्टरच्या तुरुंगात तो फासावर गेला.

प्रश्न : १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट हा जपान्यांचा घातपात होता ना? (गिरगाव)

नाही. त्या वेळी बहुतेकांना तसं वाटलं, यात नवल नाही. युद्ध पेटलेलं, वर सरकारनं बातम्या दाबलेल्या. मग अफवांना ऊत येणारच. पण ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात काय भरलं होतं पाहा. सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, दोन्ही एकाच जहाजात. १४ एप्रिलला आग लागली, दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. चौकशीत ठपका घातपातावर न येता निष्काळजीपणावर आला. बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटची ठिणगी. माझं मत विचाराल तर ती ठिणगी दुय्यम. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता.

प्रश्न : मग आपल्याकडे खरा घातपात झालाच नाही का? (मडगाव)

तुमच्या अगदी शेजारी झाला! पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचं एक जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला होती. ‘एहरेनफेल्स’वरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. लष्कर पाठवावं तर तटस्थता मोडते. म्हणून कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले चौदा आणि दुसऱ्या एका पलटणीतले चार, बहुतेक चाळिशी उलटलेले व्यापारी नि कारकुनी पेशातले गडी, ‘फीबी’ नावाच्या बार्जवरून निघाले. ९ मार्च १९४३ च्या पहाटे त्यांनी ‘एहरेनफेल्स’ गाठलं. चकमकीत कप्तान मेला. जहाज हाती लागू नये म्हणून जर्मनांनी झडपा उघडल्या, आगी लावल्या; ते पाहून उरलेल्या तीन जहाजांनीही तेच केलं.

खलाशांनीच जहाजं बुडवली, अशी बातमी पसरली. ब्रिटिशांनी ती खोडून काढली नाही. आणि खरं पाहता ती खोटीही नव्हती.